पांढऱ्या घोड्याआडची गर्दी

१९२३ च्या वसंतात इंग्लंडच्या फुटबॉल असोसिएशनला काळजी होती ती मैदान भरायचं कसं याची. महायुद्धानंतरचे तीन एफ. ए. कप अंतिम सामने लंडनच्या स्टॅमफर्ड ब्रिजवर झाले होते. १९२० साली पन्नास हजार प्रेक्षक आले, पुढच्या वर्षी ७२ हजारांच्या वर, आणि १९२२ ला पुन्हा घसरण होऊन ५३ हजार. आता सामना जाणार होता वेम्ब्लीच्या नव्याकोऱ्या स्टेडियममध्ये, आणि तिथली क्षमता होती सव्वा लाखाची. निम्म्या पायऱ्या रिकाम्या दिसल्या असत्या तर राजेसाहेबांसमोर शोभा झाली असती. म्हणून जाहिरात जोरात झाली. बसायच्या राखीव जागा आगाऊ विकल्या गेल्या. उभ्याने सामना पाहणाऱ्यांनी मात्र यावं, फाटकावर पैसे मोजावेत आणि आत शिरावं, अशी नेहमीचीच व्यवस्था राहिली.

याच करंडकाच्या १९१३ च्या अंतिम सामन्याला क्रिस्टल पॅलेसच्या मैदानावर १ लाख २० हजार लोक आले होते. दहा वर्षांपूर्वीचा हा आकडा असोसिएशनच्या स्वतःच्याच दप्तरात होता. माणसं शेवटचं पाहिलेलं लक्षात ठेवतात, त्यामुळे कार्यालयाच्या डोळ्यांपुढे स्टॅमफर्ड ब्रिजच्या मोकळ्या पायऱ्याच राहिल्या असाव्यात.

वेम्ब्लीच्या त्या जागेला आधीची एक फजिती चिकटलेली होती. एडवर्ड वॉटकिन नावाच्या रेल्वेसम्राटाला एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी तिथे आयफेलपेक्षा उंच मनोरा उभारायचा होता. पहिला मजला झाला आणि काम ठप्प झालं. लोक त्या ठोकळ्याला वॉटकिनचा मूर्खपणा म्हणायचे. १९०७ मध्ये तो पाडला. त्याच जागी ब्रिटिश साम्राज्याच्या भव्य प्रदर्शनाचा भाग म्हणून हे स्टेडियम उभं राहिलं. प्रदर्शन भरायचं होतं १९२४ साली (त्यात हिंदुस्थानचंही भलंमोठं दालन होतं), पण स्टेडियम वर्षभर आधीच तयार झालं. बांधकाम ३०० दिवसांत उरकलं, खर्च आला साडेसात लाख पौंड. सामन्याच्या जेमतेम चार दिवस आधी काम पुरं झालं.

घाईचं काम असलं तरी बांधणाऱ्यांनी एक गोष्ट कसून तपासली होती. शेकडो माणसांना पायऱ्यांवर उभं करून एका तालात पाय आपटायला लावलं होतं. त्यामागे जुनी धास्ती होती. १९०२ साली ग्लासगोच्या आयब्रॉक्स मैदानावर स्कॉटलंड-इंग्लंड सामना चालू असताना लाकडी स्टँड कोसळला आणि २५ माणसं मेली. त्या अपघातातून ब्रिटनच्या बांधकामवाल्यांनी धडा घेतला तो असा, की स्टँड पडता कामा नये. वेम्ब्लीचं काँक्रीट खरोखर पडलंही नाही. फाटकांवर किती लोट आला तर काय होईल, आत किती माणसं शिरली हे कोण मोजणार, भरलेला भाग बंद करून माणसं दुसरीकडे कोण वळवणार, याची चाचणी मात्र कुणी घेतली नाही. पाय आपटणारी माणसं आज्ञेत होती. सामन्याला येणारी तशी नसणार होती.

२८ एप्रिल, शनिवार. लंडनला क्वचित मिळतं असं स्वच्छ ऊन पडलं होतं. एका बाजूला बोल्टन वाँडरर्स, म्हणजे लँकेशायरच्या सूतगिरण्यांचं गाव. १८९४ आणि १९०४ अशा दोन अंतिम सामन्यांत हरलेलं. तिकडून खास गाड्या भरभरून आल्या. दुसऱ्या बाजूला वेस्ट हॅम युनायटेड, पूर्व लंडनच्या गोदी कामगारांचा संघ, टेम्स नदीकाठच्या लोखंडी जहाजांच्या कारखान्यातून जन्मलेला. तो अजून दुसऱ्या विभागात खेळत होता आणि त्याच हंगामात पहिल्या विभागात चढणार होता. घरचा संघ, नवं मैदान, सुट्टीची दुपार, हाताशी रेल्वे. सकाळी साडेअकराला फाटकं उघडली. एक वाजेपर्यंत सारं ठीक दिसत होतं. पुढच्या पाऊण तासात इतके लोक आत शिरले की पावणेदोनला फाटकं बंद करायचा हुकूम सुटला.

बंद फाटकाबाहेर अजून हजारो होते आणि स्थानकांवर गाड्या रिकाम्या होतच होत्या. मागचा पुढे रेटतो, पुढच्याला पुढे जागा नसते. सव्वादोनच्या सुमाराला बाहेरचा लोट आत फुटला. कुणी फिरती फाटकं ओलांडली, कुणी भिंतीवरून उड्या टाकल्या. वरच्या पायऱ्या भरल्या तसा रेटा खालच्या पायऱ्यांवर उतरला. खालच्यांना समोरच्या हिरवळीखेरीज जागाच नव्हती. ते मैदानात उतरले. थोड्याच वेळात गोलपोस्टच्या जाळ्यांपासून मध्यवर्तुळापर्यंत टोप्याच टोप्या दिसू लागल्या. चेंडू ठेवायला जागा उरली नव्हती.

त्या दिवशी अधिकृत नोंद १ लाख २६ हजार ४७ अशी झाली. हा फाटकावर पैसे भरणाऱ्यांचा आकडा. खरे किती होते याचे अंदाज दोन लाखांपासून तीन लाखांपर्यंत जातात. बोल्टनच्या खेळाडूंची बस मैदानापासून मैलभर अलीकडेच अडकली. अंतिम सामना खेळायला निघालेले ते अकरा जण खाली उतरले आणि गर्दीतून अंग चोरत चालत स्टेडियमला पोचले. राखीव तिकिटं घेतलेल्या अनेकांना आपल्या खुर्चीचं तोंडही पाहता आलं नाही.

राजे पंचम जॉर्ज आले, बँडने राष्ट्रगीत वाजवलं, आणि मैदानातला तो जमाव टोप्या काढून गाऊ लागला. इंग्रजी आठवणींमध्ये या क्षणाला फार मान आहे. राजा दिसला आणि प्रजा शहाणी झाली, असा त्याचा सूर असतो. मला ते पटत नाही. गीत संपल्यावरही जमाव होता तिथेच होता. त्याला हलवायला घोडे लागले.

राखीव तुकडीतले घोडेस्वार पोलीस बोलावण्यात आले. त्यांत जॉर्ज स्कोरी नावाचा शिपाई होता, आणि त्याच्याखाली बिली नावाचा घोडा. बिली खरं तर करड्या रंगाचा. पण त्या काळच्या काळ्या-पांढऱ्या बातमीपटांत काळ्या कोटांच्या समुद्रात तो शुभ्र दिसला आणि कायमचा पांढरा झाला. मैदानात इतरही घोडेस्वार होते, पण त्यांचे घोडे गडद रंगाचे. कॅमेऱ्याला ते दिसलेच नाहीत.

स्कोरीची रीत साधी होती. मध्यावरून सुरुवात करायची. घोड्याने नाकाने, अंगाने, शेपटीने हळूच ढोसायचं, कुणाच्या पायावर खूर पडू द्यायचा नाही. पुढच्या रांगेतल्यांना एकमेकांचे हात धरायला सांगायचं आणि सगळ्यांनी मिळून एकेक पाऊल मागे रेटायचं. मोकळं वर्तुळ रुंद होत गेलं आणि रेषांपर्यंत पोचलं. खेळाडूही लोकांना विनवत फिरत होते. तीनचा सामना पावणेचारला सुरू झाला. तेव्हा प्रेक्षक रेषेला अक्षरशः पायाची बोटं लावून उभे होते आणि थ्रो-इन घेणाऱ्याला त्यांच्यात शिरून चेंडू फेकावा लागत होता.

दोनच मिनिटांत गोल झाला. वेस्ट हॅमचा जॅक ट्रेसडर्न थ्रो-इननंतर गर्दीत अडकला. त्याला मैदानात परतता येईना. तेवढ्यात चेंडू बोल्टनच्या डेव्हिड जॅककडे आला. त्याने मारलेला फटका इतका जोरकस होता की जाळीला चिकटून उभा असलेला एक प्रेक्षक चेंडूच्या माराने खाली पडला. वेम्ब्लीवरचा हा पहिला गोल. थोड्या वेळाने वेस्ट हॅमच्या विक वॉटसनला बरोबरीची सोपी संधी मिळाली होती, ती त्याने बारवरून घालवली. अकराव्या मिनिटाला जमाव पुन्हा आत लोटला, खेळ थांबला, घोडे पुन्हा फिरले, रेड क्रॉसची माणसं बेशुद्ध पडलेल्यांना उचलू लागली. मध्यंतराला खेळाडूंना कपडे बदलायच्या खोलीपर्यंत जाणंच शक्य नव्हतं. पाच मिनिटं हिरवळीवरच उभे राहून त्यांनी बाजू बदलल्या.

दुसऱ्या अर्धात बोल्टनच्या जॅक स्मिथने चेंडू मारला. तो जाळीत गेला आणि मागे खेटून उभ्या असलेल्या लोकांवर आपटून तसाच बाहेर आला. वेस्ट हॅमचं म्हणणं, चेंडू दांड्याला लागून परतला, आत गेलाच नाही. शिवाय त्याआधी बाहेर चाललेला चेंडू एका प्रेक्षकानेच लाथेने बोल्टनच्या खेळाडूकडे ढकलला, अशीही तक्रार होती. रेफ्रींनी गोल दिला. वेस्ट हॅमचा कप्तान जॉर्ज के सामना रद्द करा म्हणून रेफ्रींना विनवू लागला. दोन गोलांनी पुढे असलेला बोल्टनचा कप्तान जो स्मिथ कशाला तयार होतो! अंधार पडेपर्यंत खेळू, पण संपवू, असं त्याचं म्हणणं होतं. सामना २–० असाच संपला, करंडक राजाच्या हातून बोल्टनला मिळाला. वेस्ट हॅमचे प्रशिक्षक चार्ली पेंटर यांनी दोष घोड्यावर ठेवला. त्यांच्या संघाचा खेळ कडेच्या खेळाडूंवर चालायचा, आणि त्या कडा खुरांनी खणल्या गेल्या होत्या. हरलेल्यांच्या तक्रारींत मला ही सर्वांत खरी वाटते.

जखमी झाले हजाराच्या घरात, बहुतेक किरकोळ. मेलं मात्र कुणीही नाही.

सोमवारपासून हिशेब सुरू झाला. आपल्या जागेपर्यंत पोचू न शकलेल्यांना असोसिएशनने पैसे परत केले. जमा रकमेतला सुमारे दहावा हिस्सा त्यात गेला. पार्लमेंटमध्ये प्रश्न विचारले गेले. तिथे ऑस्वल्ड मोझ्ली या तरुण खासदाराने जमावाला हुल्लडबाज म्हटलं आणि त्याबद्दल सभापतींनी त्याला फटकारलं. हाच मोझ्ली नऊ-दहा वर्षांनी काळे सदरे घातलेल्या ब्रिटिश फॅसिस्टांचा पुढारी झाला. सभापतींची त्या दिवशीची शिस्त ध्यानात ठेवण्यासारखी आहे, कारण पुढे जेव्हा जेव्हा गर्दीत माणसं चिरडली, तेव्हा पहिलं बोट गर्दीकडेच गेलं आणि त्याला फटकारायला कुणी उभं राहिलं नाही.

सरकारने समिती नेमली. अध्यक्ष होते माजी गृहमंत्री एडवर्ड शॉर्ट. अहवाल १९२४ मध्ये आला. मोठ्या मैदानांवर जबाबदारी कुणाची हे आधी ठरलेलं असावं, आग आणि गर्दी यांची आखणी असावी, असं त्यात होतं. पण परवाना सक्तीचा करावा असं समितीने म्हटलं नाही. खेळाच्या संघटना आपलं आपण पाहतील, असा विश्वास तिने ठेवला. ज्या संघटनेच्या सामन्यामुळे समिती नेमली गेली, त्या फुटबॉल असोसिएशनने समितीपुढे साक्षही दिली नाही. तिने एक सुधारणा मात्र तत्काळ केली. पुढच्या वर्षापासून अंतिम सामन्याला सगळी तिकिटं आगाऊ विकली जाऊ लागली. पण एका सामन्यापुरतं. बाकीच्या शेकडो मैदानांवर फाटकावरचे पैसे आणि अंदाजपंचे गर्दी तशीच चालू राहिली.

दरम्यान घोड्याने सगळं व्यापलं. या सामन्याचं नावच ‘व्हाइट हॉर्स फायनल’ पडलं. २००५ साली नव्या वेम्ब्लीकडे जाणाऱ्या पादचारी पुलाच्या नावासाठी लोकांचा कौल घेतला, तेव्हाही घोडाच जिंकला. असोसिएशनने स्कोरीला नंतरच्या अंतिम सामन्यांची तिकिटं पाठवली. त्याला फुटबॉलमध्ये रस नव्हता. तो गेला नाही. स्कोरीबद्दल मला आदर आहे, बिलीबद्दलही. पण त्या दिवशी माणसं वाचली ती त्यांच्या आधीच, दोन ते तीनच्या दरम्यान, जेव्हा जमाव मैदानात घुसला तेव्हा. पायऱ्या आणि हिरवळ यांच्यामध्ये कुंपण नव्हतं. मागून रेटा आला की पुढचा माणूस उतरून दोन पावलं चालू शकत होता. आयोजकांना जी बेशिस्त वाटली, तिच्यामुळेच छातीवरचा दाब मोकळा झाला. घोड्यांनी नंतर केलं ते काम सामना होऊ शकावा म्हणून होतं.

गर्दीत माणूस बहुतेकदा तुडवला जाऊन मरत नाही. तो उभ्याउभ्या मरतो. चहूबाजूंनी दाब येतो, बरगड्या फुलायला जागा राहत नाही, श्वास आत जात नाही. मागच्या माणसाला याचा पत्ताही नसतो. तो फक्त थोडासा पुढे सरकत असतो. २९ सप्टेंबर २०१७ ला एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या जिन्यावर तेवीस मुंबईकर असेच गेले. १६ ऑगस्ट १९८० ला कोलकात्याच्या ईडन गार्डनवर मोहन बागान-ईस्ट बंगाल सामन्यात सोळा प्रेक्षक चेंगराचेंगरीत गेले. दर वेळी पहिला प्रश्न तोच: लोक इतके कसे बेभान झाले?

वेम्ब्लीनंतरचं सर्वांत कडवट प्रकरण १९४६ चं. तेवीस वर्षांनी, त्याच करंडकाच्या स्पर्धेत, आणि तेही १९२३ चा करंडक जिंकलेल्या बोल्टनच्या स्वतःच्या मैदानावर. ९ मार्चला बर्नडन पार्कवर बोल्टनची गाठ स्टोक सिटीशी होती आणि स्टोककडून स्टॅन्ली मॅथ्यूज खेळणार होता. युद्ध संपून वर्षही झालं नव्हतं; लोक खेळाला भुकेले होते. मैदानाच्या एका बाजूचा स्टँड सरकारी मालाच्या साठ्यासाठी अजून ताब्यात होता, तिकडची फिरती फाटकं बंद होती, म्हणून सारा लोंढा रेल्वेकडच्या टोकाला वळला. आले सुमारे ८५ हजार. फाटकं बंद केल्यावर बाहेर राहिलेले भिंतींवरून आणि रेल्वेच्या बाजूने आत येऊ लागले. गर्दीला घाबरून एक बाप आपल्या मुलाला घेऊन बाहेर पडायला निघाला. त्याने एका बंद फाटकाचं कुलूप उघडलं. त्याच फाटकातून बाहेरचे आत शिरले. पायऱ्यांवरचे दोन लोखंडी अडथळे मोडले. ३३ माणसं मेली.

खेळ थांबला, अर्ध्या तासाने पुन्हा सुरू झाला. मृतांना मैदानाच्या कडेला कोटांनी झाकून ठेवलं होतं आणि त्यांच्या अलीकडे लाकडाचा भुसा टाकून नवी सीमारेषा आखली होती. मध्यंतराची विश्रांती घेतलीच नाही, लगेच बाजू बदलल्या. सामना ०–० सुटला. या वेळी कुठलाही घोडा कुणाला आठवत नाही. मोल्विन ह्यूज यांच्या चौकशी अहवालाने प्रत्येक मैदानाची क्षमता शास्त्रशुद्ध ठरवावी, परवाने द्यावेत असं सुचवलं. ते कायद्यात उतरायला आणखी एक दुर्घटना लागली. १९७१ मध्ये पुन्हा आयब्रॉक्सवरच, एका जिन्यावर, ६६ जण गेले आणि १९७५ साली मैदान-सुरक्षेचा कायदा झाला.

तोवर इंग्लंडच्या मैदानांवर दुसरीच भीती बसली होती. संघांच्या पाठीराख्यांच्या मारामाऱ्या, मैदानात घुसणारी टोळकी. उपाय सापडला तो लोखंडी जाळीचा. पायऱ्यांचे पिंजऱ्यासारखे कप्पे केले, समोर उंच कुंपण घातलं, कुंपणावर आत वळलेली टोकं. १९२३ मध्ये ज्या दिशेने माणसं सुटली होती, तीच दिशा बंद झाली.

१५ एप्रिल १९८९. शेफील्डचं हिल्सबरो मैदान, एफ. ए. कपचाच उपांत्य सामना, लिव्हरपूल विरुद्ध नॉटिंगहॅम फॉरेस्ट. बाहेर फिरत्या फाटकांवर गर्दी दाटली म्हणून पोलिसांनी बाहेर पडायचं मोठं दार उघडलं. लोक समोरच्या बोगद्यातून थेट आधीच भरलेल्या मधल्या कप्प्यांत गेले. त्यांना कडेच्या मोकळ्या कप्प्यांकडे वळवायला कुणी उभं केलं नव्हतं. पुढच्यांच्या समोर जाळी होती. जाळीवर चढणाऱ्यांना सुरुवातीला मैदानात घुसखोरी करणारे समजून मागे ढकललं गेलं. एकूण ९७ जीव गेले. त्यांतल्या शेवटच्या माणसाने ३२ वर्षं दुखापतींशी झुंजून २०२१ मध्ये प्राण सोडला. दार प्रेक्षकांनीच फोडलं, असं पोलीस अधिकाऱ्याने त्या दुपारीच सांगितलं होतं. ते खोटं होतं. दारू प्यालेल्या हुल्लडबाजांची गोष्ट वृत्तपत्रांनी उचलली. मृतांना बेकायदेशीरपणे मारलं गेलं आणि प्रेक्षकांचा दोष नव्हता, हा निवाडा ज्युरीकडून मिळायला २०१६ साल उजाडलं.

चौकशी करणाऱ्या न्यायमूर्ती टेलर यांनी १९९० च्या अहवालात सुरुवातीलाच खेदाने नोंदवलं, की फुटबॉल मैदानांवरच्या गर्दीबद्दलचा हा नववा सरकारी अहवाल आहे. त्या यादीतला पहिला शॉर्ट यांचा. टेलर यांच्या शिफारशी मानल्या गेल्या. मोठ्या मैदानांवरच्या उभ्या पायऱ्या गेल्या, प्रत्येकाला क्रमांकाची खुर्ची आली, कुंपणं उतरली. वेम्ब्लीच्या त्याच वास्तूत, जिथे १९२३ ला १ लाख २६ हजार ४७ जणांचे पैसे घेतले गेले होते, तिथे खुर्च्या मांडून झाल्यावर माणसं मावू लागली सुमारे ८० हजार.